उशाशी पेले

भूकंपात गाव गेल्यापासून ग्यानोबाच्या उशाशी स्टीलच्या पेल्यांची चळत असायची. जमीन हलली तर खडखडून जागं करायला. आज दुपारी डोळा लागतो न लागतो तोच पेले कोसळले आणि तो अंगणात धावला. बाहेर सगळं जागच्या जागी होतं. शेजारच्या खोलीत कोचिंगहून आलेली त्याची लेक शिवांगी भिंत हादरेल एवढ्या आवाजात स्पीकर लावून नाचत होती. त्यानं वायरच उपटली. "अगं, जीव घेतीस का बापाचा? ह्या धडधडीला गाणं म्हणतेत?" "हाऊस म्युझिक हाय, आबा. शिकागोत काळ्या पोरांना कुठं थारा नव्हता. ती गोदामात रात्रभर नाचायची. तेच त्यांचं घर. गोदाम म्हंजे वेअरहाऊस, त्यातलंच हे 'हाऊस'." ग्यानोबा थबकला. भूकंपानंतर तोही आईसोबत लातूरच्या मोंढ्यातल्या धान्याच्या गोदामात राहिला होता. "आमच्या गोदामात कुणी नाचलं न्हाई," तो खेकसला. "लाव परत ते गाणं!" चिडचिडतच त्यानं पेले उचलले आणि उशाशी न रचता मांडणीवर ठेवले.