तात्यांची प्रकाशछाया

खासदार तात्यासाहेब खराटे गावाकडं गादीवर लोळत, टीव्हीवर स्वतःलाच लोकसभेत बसलेलं बघत होते. हल्ली सगळेच खासदार आपली प्रकाशछाया, म्हणजे स्वतः बोलणारा, मत देणारा हुबेहूब होलोग्राम, दिल्लीला धाडत. गावाला न विचारता सरकारला जमीन घेता यावी, अशी घटनादुरुस्ती होती. दोनतृतीयांश मतं पक्षानं जमवलेलीच. तात्यांच्या छायेनं खुशाल ‘नाही’चं बटण दाबलं आणि एका मतानं विधेयक आपटलं!

तात्यांनी छाया बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोनवर झापलं.

“साहेब, छाया तुमच्या पहिल्या प्रचारातल्या भाषणांवर घडवलीय,” तो म्हणाला. “तिला ती खरी वाटतात.”

संध्याकाळी गावकरी हार घेऊन आले. “तात्या, शब्द पाळलात!”

बायको कानाशी कुजबुजली, “अहो, हाराचे मानकरी अजून दिल्लीतच आहेत.”

हार गळ्यात पडला. तात्यांची मान काही वर होईना.