आईची मूठ

आईच्या उजव्या हाताची मूठ सुटत नव्हती. बोटं लाकडासारखी कडक झाली होती आणि आत मुलीच्या ओढणीचं टोक अडकलं होतं. काल पहाटे आई गेली, त्यानंतर कितीतरी वेळ मुलगी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसली होती. उठायची वेळ आली तेव्हा तिने कात्रीने ओढणीच कापली.

"लेकात जीव अडकलाय तिचा," मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "तो आल्याशिवाय नाही उघडायची ती मूठ."

लेक म्हणजे दादा, मुलीचा मोठा भाऊ. आईच्या सगळ्या आजारपणात तो फोनवर भेटला. आज दुपारी पोचतो म्हणाला होता.

मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळी तिने मावशीला वर्गातल्या पोरांना सांगावं तसं समजावलं होतं. स्नायूत बारीक धागे असतात. जाड धाग्याला असंख्य आकडे. ते पातळ धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. दोर ओढताना आपण हात पुढे टाकतो तसंच. गंमत म्हणजे, आकडा सोडायलासुद्धा शक्ती लागते. श्वास थांबला की ती संपते आणि आकडे धरलेल्या जागी अडकून बसतात. दीडेक दिवसाने धागेच कुजायला लागतात, मग मूठ आपोआप सैल पडते. कुणी येवो, न येवो.

"एवढी शिकलीस, पण आईचं काळीज नाही कळलं तुला," मावशी म्हणाली होती.

आईला कुशीवर वळवून वळवून मुलीचे दंड अजून ठणकत होते.

दुपार कलल्यावर दादा आला. आईजवळ बसून त्याने तिचा हात हातात घेतला. बोटं अलगद उघडली.

"बघा," मावशी म्हणाली, "वाट बघत होती बिचारी."

दादा ढसाढसा रडू लागला. सगळे त्याच्या पाठीवरून हात फिरवायला धावले. ओढणीचा तुकडा खाली पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला.

मुलगी भिंतीपाशी उभी होती. डोळे पुसता पुसता मावशीचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"तू काय मुठी आवळून उभी आहेस? सोड की आता राग."

"शक्ती संपली की सोडता येत नाही, मावशी," ती म्हणाली. "सकाळीच सांगितलं होतं तुला."