गादी

"जास्त पॉवरच्या आणल्यात या वेळी," नवरा म्हणाला आणि गोळ्यांचा डबा त्याने काउंटरवर ठेवला. ती ओल्या चादरींची बादली घेऊन जिन्यापाशी पोचली होती. खोलीची चावी घ्यायला आलेल्या पाहुण्यालाही त्याने डबा फिरवून फिरवून दाखवला. बायकोच्या गुडघ्यांसाठी आपण किती करतो, हे जगाला कळायला नको का?

लॉज दोघांनी मिळून चालवलेला. म्हणजे तो काउंटरवर बसायचा आणि बाकीचं सगळं ती करायची. धुणं खाली, वाळवण गच्चीवर, मध्ये जिनाच जिना. पहिल्या वळणावर बादली टेकवली की तिच्या तोंडून "आई गं" निघायचंच. मग तो खालून पाहुण्यांना सांगायचा, "आमचा भोंगा वाजला." आणि स्वतःच खो खो हसायचा.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. गुडघ्यातली गादी झिजली आहे. असल्या गोळ्यांनी कुणाला थोडं बरं वाटतं, कुणाला काहीच फरक पडत नाही. झिजलेली गादी गोळ्यांनी भरून येत नाही. घ्यायच्या तर घ्या, पण ओझं घेऊन जिना चढणं बंद. एवढ्या सगळ्यातून या गृहस्थाच्या कानात काय शिरलं, तर गोळ्या. मागच्या बोळात दोऱ्या बांधा, चादरी तिथेच वाळतील, असं ती सांगून सांगून थकली. पण बोळात त्याची मोटारसायकल उभी असते ना. तिला ऊन लागलेलं चालत नाही, पाऊस लागलेला चालत नाही. तिची काळजी घ्यायला हवी.

"एक आत्ताच घेऊन टाक," तो म्हणाला, "म्हणजे चढताना त्रास नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बादली खाली ठेवली, कठड्याला धरून वळली आणि लंगडत काउंटरच्या आत आली.

"उठा जरा."

ती पाणी प्यायला आली असेल, असं वाटून तो उठून बाजूला झाला. ती त्याच्या खुर्चीत बसली. खुर्चीवर चांगली जाडजूड, मऊ गादी होती. तिने ती हाताने दाबून पाहिली.

"माझी गेली," ती म्हणाली. "तुमची मात्र अजून शाबूत आहे हो."

तो हसला. पाहुणा हसला नाही, तसा तोही थांबला. मग हळू आवाजात त्याने विचारलं, की चादरी वर कोण नेणार.

"तुम्ही. बोळात दोऱ्या बांधून होईपर्यंत तुम्हीच." तिने डब्याचं झाकण उघडलं आणि एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. "आत्ताच घेऊन टाका. म्हणजे चढताना त्रास नाही."

परक्या माणसासमोर तमाशा नको, म्हणून त्याने मुकाट्याने बादली उचलली. गोळी खिशात टाकली. त्याची पावलं जिन्यावर जड जड होत गेली. पाहुण्याने खोलीचा नंबर सांगितला, ती खिळ्यांवर चावी शोधू लागली.

पहिल्या वळणावर बादली टेकल्याचा आवाज आला. मागोमाग, "आई गं."

पाहुण्याने दचकून वर पाहिलं. काय झालं, कोण आहे, असं विचारू लागला.

"काही नाही," तिने चावी त्याच्या हातात दिली. "आमचा भोंगा वाजला."