पिवळा हातमोजा

नवरा ड्वेन गेल्यावर आर्लिननं पिकअपला मागचा कॅमेरा बसवून घेतला. लेक म्हणाली, "आई, विकून टाक तो ट्रेलर." आर्लिन ऐकेल तर शप्पथ!

आज वायोमिंगमधल्या कॅम्पिंगच्या तळावर ती पहिल्यांदाच एकटीनं ट्रेलर, म्हणजे दोघांचं चाकांवरचं घर, पिकअपला जोडत होती. रिव्हर्स टाकताच पडद्यावर पिवळा हातमोजा हलला. डावीकडे. जरा अजून. बस्स. ड्वेन अशाच खुणा करायचा.

ती उतरली. मागे कुणीच नव्हतं, पण पिकअपच्या मागचा जोडणीचा लोखंडी गोळा बरोबर ट्रेलरच्या खोबणीखाली आला होता.

"देवासारखा धावलास रे," ती पुटपुटली.

ट्रेलर सुटलाच तर धरून ठेवणाऱ्या साखळ्या लावायला ती हमखास विसरायची. "त्या काय तुझा बाप लावणार?" ड्वेन ओरडायचा. आज ती आठवणीनं वाकली. साखळ्या लावलेल्या होत्या, त्याच्याच पद्धतीनं, फुली घालून. सगळीकडे बर्फ साचलं होतं. कड्या मात्र कोमट होत्या.