शेवटचा नंबर

चंद्रभान सरांनी 'ब' उचलला, हातात उलटासुलटा केला आणि विचारलं, "हे काय पोतेरं?"

"ब हाय," बिल्कीस म्हणाली. "जीनच्या कपड्याचा. खरबरीत हाय पहा. अन् हा 'व', मखमलीचा. डोळ्याले दोन्ही सारखेच दिसतात, बोटाले नाई. बोट फसत नाई."

सर बिल्कीसच्या जठारपेठेतल्या दोन खोल्यांत या आठवड्यात तिसऱ्यांदा आले होते, तेही ऐन शाळेच्या वेळात. सोबत शिपाई भगवंत, त्याच्या काखेत हजेरीपट. सरांची तिसरीतली विद्यार्थिनी कहकशाँ शिलाई मशीनच्या बाजूला पाय मुडपून बसली होती आणि कोणाकडेच पाहत नव्हती.

जूनमध्ये हिवरखेडहून अकोल्यात आल्यावर बिल्कीसने पोरीला सरांच्या वर्गात घातलं. ऑगस्टच्या चाचणीचा कागद घरी आला, त्यावर लाल शाईत लिहिलं होतं: वर्गात शेवटचा नंबर. खाली आणखी एक ओळ: हिच्यामुळे सगळा वर्ग मागे पडतो.

पालकसभेला बिल्कीस एकटीच हजर होती. बाकीच्या आयांना पोरांची काही पर्वाच नाही, असं मनाशी म्हणत तिने तासभर सगळं ऐकून घेतलं. कहकशाँला वाचता आलं नाही की सर तिला दाराबाहेर उभं करत आणि आत धडा पुढे चालू ठेवत. पोरीने कधी तक्रार केली नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढं शाळेने तिला पक्कं शिकवलं होतं.

मग अमरावतीच्या डॉक्टर वर्षाली मॅडमनी तिला तपासलं. डिस्लेक्सिया म्हणाल्या. डोकं ठणठणीत आहे, फक्त अक्षरं जागा बदलतात. हाताने शिकवा.

"हातानं त सरबी शिकवत होते," बिल्कीस म्हणाली.

"तसं नाही," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी घरी. कहकशाँचे अब्बू अब्दुल सत्तार नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात होते. सुटीला येताना ते कातरणीचं गाठोडं आणत, त्यातून बिल्कीसने अख्खी बाराखडी शिवली. गच्चीवर खडूने खाटेएवढा 'क' काढून पोरीला त्याच्यावरून चालवलं. पाढे शिलाईच्या टेपवर. कणकेची अक्षरं तव्यावर भाजायची आणि ओळखलं ते खायचं, असा नियम केला. 'घ' आणि 'ध' ओळखेपर्यंत पार थंडगार झाले, मग दोन्ही तुपात बुडवून संपवले. महिनाभरात पोरगी सगळ्या बाराखडीतून पार झाली आणि वजन दीड किलो वाढलं.

"भाभी," सर म्हणाले, "डिस्लेक्सिया-गिस्लेक्सिया हे पुण्या-मुंबईचे थेरं. अकोल्याच्या उन्हात असे रोग टिकत नाईत."

"मंग शाळेत कावून धाडू? दाराबाहेर उभं राहाले? ते घरीबी जमते. आमच्या दाराले सावली हाय."

भगवंतला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

"उद्या तपासणीचे साहेब वर्ग पाहाले येऊन राहिले," सरांचा आवाज खाली आला. "एक दिवस बसवा तिले. जागा रिकामी दिसली त बरं वाटत नाई."

"एवढा मोठा वर्ग तुमचा. तिच्यावाचून अडते?"

सरांनी चहाच्या कपाकडे पाहिलं. मग एकदम उसळले. "नाव कमी करून टाकीन मी तिचं!"

"सर!" भगवंतने हजेरीपट छातीशी धरला. "ते नका करू, सर."

बिल्कीसने फळीवरचं तिसरीचं पुस्तक काढलं आणि सरांपुढे आपटलं. "तुमी बोट ठेवान ते पान. वाचलं, त या दारात पुन्हा यायचं नाई. नाई वाचलं, त उद्या मीच तिले तुमच्या वर्गात आणून सोडीन."

सरांनी पुस्तक बरंच मागे उघडलं. सगळ्यात दाट छपाईचं पान निवडलं.

कहकशाँने एक अक्षर पाहिलं, ते गुडघ्यावर बोटाने काढलं आणि मग तोंडाने म्हटलं. मग दुसरं. तिसऱ्या ओळीत ती अडकली. सर खुर्चीत पुढे सरकले. बिल्कीसने ओढणीचं टोक मुठीत धरलं. पोरीने डोळे मिटून चिंध्यांत हात घातला, एक अक्षर चाचपलं, म्हणाली, "ब," आणि पुढे निघाली.

पान संपायला अकरा मिनिटं लागली. चहावर साय आली होती.

"झालं," कहकशाँ म्हणाली.

"याले वाचन नाई म्हनत," सर म्हणाले. "माह्या वर्गात एवढं पान दोन मिनिटांत होते."

"कोन वाचते दोन मिनिटांत?" बिल्कीस उठून उभी राहिली. "आना त्या पोट्ट्याले. आत्ताच आना. या चटईवर बसवा दोघांले बाजूबाजूले. मलेबी पाहू द्या, माह्या पोरीनं कोनाले मागं पाडलं ते."

सर चप्पल शोधू लागले. चप्पल त्यांच्या पायातच होती. भगवंत छताचा पंखा फार लक्ष देऊन पाहत होता. तो बंद होता.

"नाव त सांगा त्याचं!"

सर दाराकडे निघाले. मग बिल्कीस लेकीकडे वळली. "तू सांग, बेटा. तुह्या वर्गात पह्यला नंबर कोनाचा होता?"

कहकशाँने 'ब' खाली ठेवला.

"तोबी माहाच, अम्मी. वर्गात मी एकटीच त होती."