बर्फ संपलाय

वॉली पबमध्ये शिरला आणि अर्ध्या मिनिटात रिकाम्या हातांनी बाहेर आला.

"बर्फ संपलाय," गाडीचं दार ओढून घेत तो म्हणाला. "चल, दुसरीकडे बघू."

"पबमधला बर्फ संपेल कसा?" थेल्मा म्हणाली. "नीट विचारलंस का?"

"विचारलं म्हणतोय ना."

बाहेर त्रेचाळीस अंश होते. मागच्या सीटवरच्या थर्मोकोलच्या खोक्यात वॉलीने त्यांच्या गावच्या, एस्परन्सच्या समुद्रात स्वतः गळ टाकून पकडलेले बारा मासे होते आणि सकाळी भरलेल्या बर्फाचं पाणी पाणी झालं होतं. मासे नातीसाठी होते. टेगन वर्षभर इथे कुलार्ड्यात, सोन्याच्या खाणीच्या ऑफिसात नोकरीला होती. "साडेसहाला या, तोवर मी सुटते," असं तिने कळवलं होतं. आत्ता कुठे तीन वाजत होते, कारण प्रवास म्हटला की वॉली पहाटे तीनला उठून बसतो.

"तुला विचारताच येत नाही. दारातूनच ओरडून आला असशील," म्हणत थेल्मा उतरली.

"थेल्मा, राहू दे गं. एवढ्या उन्हात कशाला..."

पण ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

उन्हातून आत आल्यावर काही दिसेना. डोळे सरावेपर्यंत ती दाराशीच उभी राहिली. केशरी शर्टातले, गुडघ्यांपर्यंत लाल मातीने माखलेले सात-आठ खाणकामगार बारला टेकून बसले होते. पलीकडे एक पोरगी पाठमोरी वाकून बादलीत बर्फ भरत होती. अंगात काळी ब्रा, काळी चड्डी, पायात उंच टाचा. थेल्माला त्यात नवल वाटलं नाही. खाणीच्या गावांत पुरुषांना बिअर आणून द्यायला अशाच पोरी ठेवतात, हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं.

मग पोरगी वळली.

"आजी," टेगन म्हणाली.

कोणीतरी तोंडातली शिवी अर्ध्यात गिळली. थेल्माला वाटलं, काही दिसलंच नाही असं करून मागे फिरावं. तेवढ्यात टेगनने एक हात छातीवर आडवा धरला. लहानपणी आंघोळीच्या वेळी कोणी दार उघडलं की ती असाच धरायची. थेल्मा पुढे गेली आणि एका उंच स्टुलावर कशीबशी चढून बसली.

"एक छोटी बिअर दे. लेमोनेड घालून."

शेजारच्या दांडग्या दाढीवाल्याने घाईघाईने डोक्यावरची टोपी काढली. "मावशी, तुम्ही हिच्या..."

"आजी."

दाढीवाल्याने मान खाली घातली. बाकीच्यांनाही कुठे बघावं कळेना. शेवटी सगळेच्या सगळे भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे बघत बसले.

टेगनने ग्लास आणून ठेवला. थोडी बिअर बाहेर सांडली.

"ऑफिसातून मार्चमध्येच काढलं मला," ती पुटपुटली. "आम्हा दहाजणांना एकदम. म्हटलं, दुसरं काही मिळेपर्यंत हे करू. आजोबांना सांगू नकोस, आजी. प्लीज. त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलंय."

ते खरं होतं. आज सकाळी तर पंपावरच्या अनोळखी माणसालाही वॉलीने थांबवून सांगितलं होतं, नात खाणीच्या ऑफिसात आहे म्हणून.

"हे लोक त्रास देतात तुला?" थेल्माने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"नाही गं."

"नाही हो, मावशी," दाढीवाला टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "कोणाची हिंमत आहे?"

"तुला नाही विचारलं, बाळा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. टेगनलाही हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. थेल्माने बारवरून हात लांब करून तिच्या गालावर उतरलेलं काजळ अंगठ्याने पुसलं. मग ग्लास दोन घोटांत संपवला आणि दाढीवाल्याच्या खांद्याचा आधार घेऊन ती खाली उतरली.

"साडेसहाला येतो आम्ही," ती म्हणाली. "तू ऑफिसातून सुटलीस की. तवा आहे ना खोलीवर? मासे तळायचेत."

टेगनने मान डोलावली.

रस्ता ओलांडताना थेल्माने दोनदा नाक शिंकरलं आणि चेहरा ठाकठीक केला. बर्फ मागायचा राहूनच गेला, हे तिला गाडीचं दार उघडताना आठवलं.

"खरंच संपलाय," बसता बसता ती म्हणाली. "तुझंच बरोबर होतं."

एरवी एवढ्यावर वॉलीने तिला संध्याकाळपर्यंत ऐकवलं असतं. आज त्याने गाडी सुरू केली, सावकाश वळवली आणि पबच्या खिडक्यांवरून जाताना सरळ समोर बघत राहिला. चौकात थांबायचं काहीच कारण नव्हतं, पुढेमागे एकही गाडी नव्हती. तरी तो थांबला.

"आत एसी फार जोरात लावलाय त्यांनी," तो म्हणाला. "पोर गारठत असेल गं."