टाकी उतरवल्यावर

“पेट्रोल संपलं तरी काटा फुल दाखवतो,” सुधीर वैतागून म्हणाला.

शीळफाट्याच्या गॅरेजात दामाजी मेकॅनिकने गाडीची टाकी उतरवून जमिनीवर ठेवली, वायरी सोडवल्या आणि चावी फिरवून पाहिली. काटा शून्यावर पडला.

“सेन्सरच गेलाय, साहेब.”

मागच्या सीटवरून सुधीरची बायको चित्रा हळूच म्हणाली, “यांनी मला मारलं की चढतो तो.”

सुधीरने खिडकीतून हात घालून तिच्या थोबाडीत मारली. काटा अर्ध्यावर आला. दुसऱ्या थपडेला तिचा ओठ फुटला आणि काटा फुलवर टेकला.

“बस करा ओ!” दामाजी ओरडला.

सुधीर गुरगुरत बॉनेट उघडायला पुढे गेला. स्टिअरिंगपाशी कुणीच नव्हतं. टाकी दामाजीच्या पायाशी कोरडी पडली होती.

इंजिन धडधडलं. मग आपोआप पहिला गिअर पडला.